मालवणच्या पाण्यात कॅमेरा नेताना

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांत प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. ते पाहायला मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी गर्दी होते. आम्हीही सहकुटुंब जायचे ठरवले आणि घरात वाद पेटला तो कॅमेऱ्यावरून. थोरल्या मुलाला नवा हवा होता, अम्मी म्हणाल्या, "एका डुबकीसाठी एवढा खर्च कशाला?"

आम्ही हिशेब मांडला. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. मोबाइलच्या साध्या प्लास्टिक पिशवीवर तिथे भरवसा नाही. लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषते, म्हणून खाली लाल मासाही करडा दिसतो. लांबून झूम केले तर मधला गाळच फोटोत येतो. जवळ जाऊनच टिपावे लागते. मग झूमसाठी पैसे कशाला? छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा आणि त्याची जलरोधक पेटी पुरे. तोही आम्ही भाड्याने घेतला. पेटीच्या रबरी कड्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरते. वापरून झाल्यावर पेटी बंद ठेवूनच गोड्या पाण्यात भिजवायची.

पाण्यात मात्र कॅमेरा प्रशिक्षकाच्या हाती दिला. नवख्याचे लक्ष श्वासावर हवे. श्वास रोखायचा नाही, कान दुखला तर लगेच खूण करायची. फोटोसाठी प्रवाळाला हात लावायचा नाही. ते दगड नव्हेत, जीव आहेत.

पावसाळ्यात स्कूबा बंद असते. त्यानंतर जावे, आधी एक डुबकी मारावी, मगच कॅमेऱ्यासाठी पैसे काढावेत.