कच्च्या वहीतील चूक

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांची हळदीची अडत असलेल्या घरातील नातीने बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला, तेव्हा आजोबांनी तीन दिवस अबोला धरला होता. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "वैयावृत्त्य हे आपल्याकडे आभ्यंतर तप मानले आहे. मग पोरीने रुग्णसेवा केली, तर त्यात कमीपणा कसला?"

दिवाळीच्या सुटीत नात घरी आली ती काहीशी अबोल होऊनच. महाविद्यालयात व्हर्च्युअल रिॲलिटीची प्रयोगशाळा सुरू झाली होती. हेडसेट डोळ्यांवर चढविला की समोर रुग्णालयाचा कक्ष उभा राहतो. खाटेवरील रुग्ण बोलतो, कण्हतो, प्रश्न विचारतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाचही गोष्टी तिने तपासल्या आणि शिरेतून पेनिसिलिन दिले. ॲलर्जी विचारावयाची मात्र राहून गेली. क्षणार्धात रुग्णाच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला, रक्तदाब कोसळला. औषध थांबवावे, मदत बोलवावी, मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन द्यावे, हे सारे मुखोद्गत होते. परंतु हात हलले नाहीत.

"तो रुग्ण खोटा होता आजोबा, पण माझी चूक खरी होती," ती म्हणाली.

आजोबा बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "आमच्या पेढीवर नवा मुनीम आला की वडील त्याला आधी कच्च्या वहीत लिहावयास बसवीत. तेथे खाडाखोड चाले. पक्क्या वहीत चालत नसे."

1960 साली नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या सरावासाठी बाहुली घडविली, ती याच विचाराने. शिकणाऱ्याच्या अजाणतेपणाची पीडा जिवंत देहाला होऊ नये, ही दृष्टी अहिंसेहून वेगळी कशी म्हणावी? अर्थात यंत्रालाही मर्यादा आहे. बोटाखाली शीर कशी लागते, हे हेडसेट सांगत नाही. त्यासाठी रबरी हातावर सराव करावा लागतो आणि शेवटी अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली खाटेपाशीच उभे राहावे लागते. वेदनेने घाबरलेल्या वृद्धेचा हात किती वेळ धरून ठेवावा, हे तर तेथेच उमगते.

सुटी संपवून नात परत निघाली, त्या सकाळी आजोबांनी आजीच्या औषधांची फाइल मागवून घेतली. पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने, पेढीवरच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिले : 'पेनिसिलिन चालत नाही.' मग फाइल नातीपुढे सरकवून ते म्हणाले, "नीट तपासून पाहा. अजून काही लिहावयाचे राहिले आहे का?"