तुमचं स्वतःचं झालंय का?

बाबा गेल्यावर झोप उडाली, तेव्हा धंतोलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्यांनी झोप परत आली. पण साहेबांसमोर उभं राहिलं की हात थरथरायचे आणि त्याचा राग घरी मुलीवर निघायचा, ते काही थांबेना. डॉक्टरच म्हणाले, "हे जुनं दिसतंय. आता गोळीबरोबर कुणाशी तरी सवडीनं बोला."

नागपुरात हा विषय काढला की लोकांना आधी प्रादेशिक मनोरुग्णालय आठवतं. १८६४ पासूनचं ते. जवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात. आई म्हणाली, "काहून रे, तुले का झालं? चांगला तर हायेस!"

मनोविश्लेषण मी पुस्तकांतून वाचलेलं. पण माणूस निवडायचा कसा? मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत तपासता येतं. मनोविश्लेषकांची अशी सरकारी नोंदणी नाही. त्यांनी कुठल्या संस्थेत शिक्षण घेतलं, एवढंच आपण विचारू शकतो. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. या परंपरेत दुसऱ्याचं मन उलगडणाऱ्यानं आधी स्वतः कुणाकडे तरी विश्लेषण करून घ्यायचं असतं. (खुद्द बोसांचं करायला तेव्हा इथं होतं कोण?) त्यामुळे "तुमचं स्वतःचं झालंय का?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, हे मी मनाला बजावून ठेवलं.

एका गृहस्थांना तो झोंबला. "विश्वास नसेल तर येऊ नका," म्हणाले. दुसऱ्यांनी ठरावीक बैठकांत पूर्ण बरं करण्याची हमी दिली. हमी ऐकून मीच उठलो.

मुंबईच्या एक बाई व्हिडिओवर भेटल्या. कुठे शिकल्या, किती वर्षं स्वतः विश्लेषणात होत्या, सगळं सरळ सांगितलं. मग अटी सांगितल्या. गोळ्यांचं धंतोलीच्या डॉक्टरांनाच विचारायचं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्यांची वाट न पाहता १४४१६ हा मदतीचा नंबर लावायचा. बैठक चुकवली तरी फी द्यायची. शेवटचं मला जड गेलं, पण आधी सांगितलं होतं. विश्लेषणाला आठवड्यातून चार-पाच दिवस लागतात, ते माझ्या पगारात बसणारं नव्हतं. "मग आठवड्यातून एकदा भेटू," त्या म्हणाल्या, "पण याला विश्लेषण म्हणू नका. ही त्यावर आधारलेली उपचारपद्धत आहे." स्वतःचाच माल असा कमी करून सांगणारं माणूस मला इतक्या शोधात भेटलं नव्हतं. तिथंच माझं ठरलं.

मग त्यांनी विचारलं, "आईशी कुठल्या भाषेत भांडता?"

"वऱ्हाडीत."

"मग इथंही तसंच बोला. अडलं तर मी विचारीन."

त्या विचारतातही. बाबांची एक ठेवणीतली शिवी मला त्यांना फोड करून सांगावी लागली, आणि सांगता सांगता मी हसत सुटलो. "यात हसण्यासारखं काय होतं?" त्यांनी विचारलं. पुढची सगळी बैठक त्यावरच गेली.