ऐपत, गरज आणि कॅमेरा

कॅमेरा घ्यावा असे मनात आले की माणूस प्रथम दुकानाकडे वळतो, आणि आपल्याला नेमके काय टिपायचे आहे याचा विचार बहुधा तेथे गेल्यावर करू लागतो. भांडे, वस्त्र किंवा वाहन यांची गरज ती वस्तू घेण्यापूर्वीच पुष्कळशी ठरलेली असते. कॅमेऱ्याची गरज मात्र पाहण्याच्या इच्छेशी निगडित असते, आणि ही इच्छा ज्याची त्यालाही अनेकदा पुरती उमगलेली नसते. म्हणून ऐपतीचा प्रश्न आकड्यांत सुटतो, गरजेचा सुटत नाही. गरजेची जागा मग जाहिरात घेते आणि मेगापिक्सेलची संख्या हेच गुणवत्तेचे माप होऊन बसते.

कॅमेऱ्याचे मोल त्याच्या किमतीवरून ठरत नाही, याचा एक दारुण दाखला श्रीपेरुंबुदूरच्या इतिहासात आहे. चेन्नईपासून सुमारे 40 किलोमीटरवरचे हे गाव रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वैष्णव परंपरेला शतकानुशतके परिचित आहे. तेथे 21 मे 1991 च्या रात्री राजीव गांधी यांची बाँबस्फोटात हत्या झाली. प्रसंगाची छायाचित्रे घेण्यासाठी कटवाल्यांनी हरिबाबू या तरुण छायाचित्रकाराला आणले होते. स्फोटात तोही मारला गेला. त्याचा चिनॉन बनावटीचा, 35 मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला. फिल्म धुतल्यावर 10 छायाचित्रे हाती आली. हार घेऊन थांबलेली स्त्री आणि वार्ताहराच्या आविर्भावात वावरणारा पांढऱ्या कपड्यांतील पुरुष त्यांत दिसत होते. तपासाला निर्णायक दिशा मिळाली ती या चित्रांमुळे.

या घटनेत कॅमेऱ्याच्या स्वभावाचे एक अंग उघड होते. ज्यांनी तो तेथे आणवला त्यांची गरज एक होती. त्याने पुरवली ती दुसरीच. चौकटीत जे येते ते सारे तो नोंदवतो, आणि त्यातले महत्त्वाचे कोणते हे पुढे कधीतरी, कोणी दुसराच ठरवतो. ज्यांची हत्या झाली ते राजीव गांधी स्वतः हौशी छायाचित्रकार होते, आणि त्यांनी काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर सोनिया गांधी यांनी प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखी कॅमेरा हे जिव्हाळ्याचे साधन होते. जिव्हाळा, उपजीविका, पुरावा अशा निरनिराळ्या गरजा एकाच यंत्राभोवती अशा गोळा होतात. निवड करणाऱ्याने यांपैकी आपली कोणती, हे आधी स्वतःशी ठरवणे आवश्यक आहे.

ऐपत तोकडी आणि गरज स्पष्ट असली म्हणजे निवड कशी नेमकी होते, हे दादासाहेब फाळके यांच्या उदाहरणात दिसते. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून 1912 साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. त्या कॅमेऱ्याने त्यांनी प्रथम टिपले ते कुंडीत वाढणारे वाटाण्याचे रोप. ते चलच्चित्र पाहून पुढच्या भांडवलाची वाट मोकळी झाली आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यांची सारी पुंजी यंत्रावर लागली खरी, परंतु त्या यंत्रामागे छायाचित्रण आणि मुद्रण यांतील अनेक वर्षांचा अभ्यास उभा होता.

डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतीत कसोटी हीच राहते, तपशील तेवढे बदलतात. तमिळनाडूतच तंजावर येथे सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 साली कोरवलेला भोसले कुळाच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. असे साहित्य टिपू पाहणाऱ्या अभ्यासकाला दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या झूमचा उपयोग नसतो. त्याला जवळून सरळ रेषा सरळच दाखवणारे भिंग, स्थिर तिपाई आणि योग्य प्रकाश हवा. पोथीवर फ्लॅश टाकू नये. दगडावरील झिजलेले अक्षर तिरप्या प्रकाशात उठून दिसते. ए-4 आकाराचे पान इंचाला 300 ठिपके या दराने छापण्यास 9 मेगापिक्सेल पुरतात. त्यापुढील आकड्यांपेक्षा सेन्सरचा आकार आणि भिंगाचा दर्जा यांवर पैसे खर्च करणे शहाणपणाचे. पक्षीनिरीक्षकाचा हिशेब याच्या नेमका उलट, कारण त्याचे बहुतेक पैसे दूरवेधी भिंगातच जातात. प्रवाशाने वजन पाहावे. तिपाई, जादा बॅटरी आणि स्मृतिपत्रे यांची तरतूद प्रत्येकानेच आरंभी करावी. ती न केल्यामुळे महाग कॅमेरे कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. चांगल्या भिंगासह घेतलेला जुना कॅमेरा हा अल्प ऐपतीवरचा उत्तम उपाय होय.

ज्यांना घरगुती प्रसंगच टिपायचे आहेत त्यांना आता वेगळा कॅमेरा बहुधा लागत नाही. या पालटाचे केंद्र पुन्हा श्रीपेरुंबुदूरच्याच परिसरात सापडावे हा योगायोग लक्षणीय आहे. तेथे 2006 ते 2014 या काळात नोकियाचा कारखाना चालला, आणि पुढे त्याच परिसरात फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोनची जुळणी होऊ लागली. 2010 साली जगभर 12 कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते. 2023 साली ही संख्या एक कोटीच्याही खाली होती. मधली जागा फोनने घेतली.

तथापि फोन जे दाखवतो ते पुष्कळदा अनेक चित्रे जुळवून, काळोख उजळून आणि खरबरीतपणा पुसून तयार केलेले असते. वाढदिवसाच्या चित्राला हे शोभते. शिलालेखाच्या झिजलेल्या अक्षराला ते घातक ठरू शकते, कारण यंत्राने गुळगुळीत केलेली रेघ आणि शिल्पकाराने कोरलेली रेघ यांतला भेद चित्रात उरत नाही. म्हणून ज्याचे काम साक्षीचे आहे त्याने सेन्सरवरची मूळ नोंद, म्हणजे ‘रॉ’ फाइल, जशीच्या तशी राखणारे साधन निवडावे, मग ते कितीही साधे असो.

आणि त्या नोंदीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवण्याचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा. फिल्म हाताने धरून उजेडात पाहता येते. फाइलला तारीख, स्थळ आणि नाव दिले नाही तर ती असून नसल्यासारखी होते. ग्रंथालयांना पुढील काळात जी छायाचित्रे उपयोगी पडतील, त्यांची निवड आज ती काढणाऱ्यांपैकी कोणालाही करता येणार नाही. जे टिपले ते शाबूत ठेवणे मात्र त्यांच्या हाती आहे.