कानाची वरची कड

कानाच्या पाळीला रक्ताचा पुरवठा मुबलक असतो. परंतु तिच्यावर दोन बोटे चढून गेले की जी ताठ, बोटाने वाकवली असता पुन्हा आपल्या जागी येणारी कड लागते, तिच्या आतील कूर्चेला स्वतःची म्हणून एकही रक्तवाहिनी नसते. कूर्चा जगते ती तिच्या दोन्ही अंगांना घट्ट बिलगलेल्या एका पातळ आवरणाच्या आधाराने. त्या आवरणातील सूक्ष्म वाहिन्यांतून पोषण झिरपत झिरपत तिच्यापर्यंत पोचते. शेजारच्या आडावर पाणी भरणाऱ्या बिऱ्हाडासारखी तिची अवस्था असते, आणि आडाची वाट बुजली की बिऱ्हाडाचे जे होते तेच तिचे होते. हा एवढा शारीर भेद ध्यानात घेतला म्हणजे वरचा कान टोचण्याच्या विद्येतील जवळजवळ प्रत्येक नियम त्यातून उलगडत जातो. आणि तो ध्यानात न घेता जो पाळीवर बसलेला हात तसाच वर नेतो, तो कितीही कसबी कारागीर असला तरी त्याच्या हातून दुसऱ्याच्या शरीराची हानी होण्याचा संभव असतो.

आमचे घराणे सोनारकीचे, आणि पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास ज्यांची हयात गेली अशा माणसांच्या हाताखाली मी हे काम शिकलो. बाराव्या दिवशी बारशाच्या घरून बोलावणे यावे, वडिलांनी जंतरातून ओढलेली सोन्याची बारीक तार डबीत घ्यावी, तिचे टोक कानशीने अणकुचीदार करून ठेवावे, मूल आजीच्या मांडीवर स्थिर झाले की पाळीच्या मध्यावर ती तार एका दमात आरपार न्यावी, चिमट्याने दोन्ही टोके वळवून तिची बाळी करावी, वर हळद आणि खोबरेल लावावे, आणि शिधा, नारळ व दक्षिणा घेऊन परतावे, असा तो शिरस्ता होता. सोनारानेच कान टोचावे ही म्हण ज्या विश्वासातून जन्मली, तो विश्वास या कामात अनाठायी नव्हता, कारण सुई आणि दागिना एकच, धातू शुद्ध, जखम अतिशय लहान, आणि पाळी स्वतःच बरी होण्यास उत्सुक. सहा-आठ आठवड्यांत सारा मामला निकालात निघत असे.

वरचा कान टोचणे हे काही परदेशातून नुकतेच आलेले खूळ आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो मला मान्य नाही. आपल्याकडील स्त्रियांची बुगडी पाळीवर कधीच बसत नव्हती. ती कानाच्या वरच्या कडेलाच, मागून फिरकी देऊन, घातली जाई. पुरुषांची भिकबाळीही उजव्या कानाच्या वरच्या भागातच असे, आणि पेशवाईतील सरदार-मुत्सद्द्यांच्या चित्रांतून तिचे मोती आजही दिसतात. मधल्या काळात हे दोन्ही दागिने मागे पडले आणि 2015 साली पेशवाईवरील एक मोठा हिंदी चित्रपट पडद्यावर आल्यानंतर, विशेषतः ढोलपथकांतील तरुणांत, भिकबाळीची मागणी पुन्हा वाढली. तेव्हा परंपरा आपलीच आहे. परंतु ‘आमच्या पणजीला काही झाले नाही, हळद-खोबरेलावर तिचा कान बरा झाला’ हा दाखला जेव्हा कोणी माझ्यापुढे ठेवतो, तेव्हा मी त्याला एवढेच सांगतो की मी माझ्या लहानपणी अशाही आज्या पाहिल्या आहेत की ज्यांच्या कानाची वरची कड वाळल्या पानासारखी आत मुडपलेली होती, आणि त्या तो कान पदराखाली ठेवीत. ज्यांचे कान सुस्थितीत राहिले त्यांच्या बुगड्या कौतुकाने दाखवल्या गेल्या. ज्यांचे बिघडले त्यांची कैफियत कुणी लिहून ठेवली नाही.

जुन्यांनी याचा विचार केलाच नव्हता असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधाचा आहे, आणि कामातून सवड मिळाली की मी तो पुनःपुन्हा वाचतो. मुलाला दाईच्या मांडीवर बसवावे, वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा, सूर्यकिरणे जेथून पलीकडे उजळून दिसतात त्या निसर्गदत्त ठिकाणी उजव्या हाताने हळूहळू आणि सरळ वेध करावा, पातळ कानाला सुई आणि जाड कानाला आरी वापरावी, नंतर कापसाची वात आत सरकवावी, अशी ती तपशीलवार आज्ञा आहे. वेध चुकीच्या जागी झाला तर ज्या शिरांना इजा होते त्यांची कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशी नावे देऊन, प्रत्येकीपासून उद्भवणारे ज्वर, दाह, सूज, मानेचे जखडणे हे विकारही तेथे वेगवेगळे सांगितले आहेत. मी आज कानामागे लहान विजेरी धरतो. कड तांबूस उजळते, तीतून जाणाऱ्या बारीक शिरा काळसर रेघांसारख्या स्पष्ट दिसतात, आणि जांभळ्या शाईचा ठिपका मी त्या रेघांना चुकवून ठेवतो. सूर्याच्या जागी विजेरी आली, एवढाच काय तो फरक.

हत्याराविषयी मात्र आज मोठी बेफिकिरी माजली आहे. अनेक दुकानांतून कान टोचण्यासाठी जे स्प्रिंगचे पिस्तूल वापरतात, त्याने बोथट टोकाची खुंटी जोराने कानात घुसवली जाते. ते वरच्या कानाला कदापि लावू नये असे माझे ठाम मत आहे, परंतु त्याची कारणे नीट सांगितली पाहिजेत. पिस्तुलाने कूर्चेचे तुकडे होतात असे सरसकट म्हटले जाते. डच वैद्यांनी 2008 साली मृतदेहांच्या कानांवर निरनिराळ्या पद्धतींनी वेध करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा आवरणाला आणि कूर्चेला होणाऱ्या इजेत पद्धतीगणिक विशेष अंतर त्यांना आढळले नाही. मी हा निष्कर्ष नाकारीत नाही. माझी हरकत दुसरी आहे. प्लास्टिकचे ते पिस्तूल ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांच्या वाफेत टिकत नाही, म्हणून ते पुसून पुसून एका कानावरून दुसऱ्या कानाकडे जाते. आणि त्यातील खुंटी आखूड असल्याने मागचा चाप कडेला आवळून बसतो, सुजेला जागा राहत नाही, आणि ज्या आवरणावर कूर्चेचे पोषण अवलंबून, तेच दोन्ही बाजूंनी दाबले जाते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात 2000 साली दागिन्यांच्या एका दुकानात वरचा कान टोचून घेतलेल्या सात जणांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूची बाधा झाल्याचे निश्चित झाले, आणखी कित्येकांविषयी तसा संशय होता. चौकशीअंती तो जंतू सापडला जंतुनाशकाच्याच फवाऱ्याच्या बाटलीत. काहींना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, काहींच्या कानाचा आकार कायमचा गेला. स्वच्छतेच्या साधनाचीच स्वच्छता न राखल्याने केवढा अनर्थ होतो, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

मी पोकळ, एकदाच वापरायची, मोहोरबंद सुई घेतो. साधारण 1.2 मिलिमीटर जाडीची ती सुई आपल्या पोकळीइतकी जागा कापून घेते आणि तिच्यामागोमाग दांडी आत सरकते. कूर्चेतून सुई जाताना हाताला एक विशिष्ट जाणीव होते, जी पाळीत कधीच होत नाही: प्रथम त्वचेचा मऊ अडथळा, मग किंचित करकरीत असा दुसरा, आणि शेवटी मागच्या त्वचेचा तिसरा. गिऱ्हाईकाला तर तो करकर आवाजही ऐकू येतो, कारण तो त्याच्या कानातच होत असतो. म्हणून मी त्याची आगाऊ कल्पना देऊन ठेवतो. वेध कडेला लंबरूप असला पाहिजे. तो तिरका गेला तर दांडी जन्मभर एका बाजूवर रेलत राहते आणि तेथे मांसाची गाठ उठते.

धातूच्या बाबतीत एका सोनाराने जे म्हणू नये ते मला म्हणावे लागते. पहिला दागिना सोन्याचा नको. बावीस कॅरटचे सोने मृदू असते, त्यावर ओरखडे चटकन उठतात आणि ओली जखम त्या ओरखड्यांवर घासत राहते. पांढऱ्या सोन्यात पुष्कळदा निकेल असते आणि निकेलने कित्येकांच्या त्वचेला खाज व पुरळ येते. हाडांच्या शस्त्रक्रियेत जे टायटॅनियम शरीरात बसवतात, त्याच प्रतीची, आरशासारखी गुळगुळीत, मागे सपाट चकती असलेली दांडी मी वापरतो. बुगडी, भिकबाळी, आजीचे मोती, हे सारे नंतर.

आणि हे ‘नंतर’ म्हणजे केव्हा, हाच या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. पाळीला जे सहा-आठ आठवड्यांत साधते, त्याला वरच्या कानाला सहा महिन्यांपासून वर्षभराची मुदत लागते. जखम बाहेरून आत बरी होत जाते, म्हणून तोंडाशी सारे स्वच्छ दिसत असताना आतली वाट कच्चीच असते, आणि नेमक्या याच काळात माणसे हयगय करतात. दिवसातून एक-दोनदा केमिस्टकडील निर्जंतुक सलाईनने, ज्यात मिठाचे प्रमाण शेकडा 0.9 असते, भिजवलेल्या जाळीदार कापडाने पुढून-मागून हळुवार टिपावे, इतकीच खरी निगा. कापूस नको, त्याचे तंतू दांडीला गुंततात. हळद, खोबरेल, स्पिरिट, मलम यांतले काही नको. तेलाचा थर जमला की आतला द्रव बाहेर पडायची वाट बंद होते, आणि स्पिरिट नवी त्वचाच जाळते. दांडीवर पिवळसर पांढरी खपली धरते, ती पू समजून पुष्कळजण घाबरतात. तो वाळलेला द्रव असतो, पाण्याने मऊ करून आपोआप निघेल तेवढाच काढावा. आणि दांडी फिरवू नये. पाळी टोचल्यावर बाळी फिरवत राहा असे आम्हीच पूर्वी सांगत असू, तो दस्तूर वरच्या कानाला घातक आहे. प्रत्येक फेऱ्यागणिक आत धरलेली नवी त्वचा सोलली जाते.

पुण्यातील मुलींना तर आणखी एक शत्रू असतो. दुचाकीवर बसण्यापूर्वी ओढणी कपाळापासून हनुवटीपर्यंत आवळून बांधायची, वर शिरस्त्राण चढवायचे, आणि उतरल्यावर ते सारे एका हिसक्यात ओढून काढायचे, हा त्यांचा नित्यक्रम. त्या एका हिसक्यात महिन्याभराची भरपाई उसवते. त्याच कुशीवर झोपणे हे त्याहून वाईट, कारण ते रोज रात्री तासन् तास घडते. म्हणून टोचण्यापूर्वी माझा पहिला प्रश्न असतो, ‘ताई, तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?’ आणि दोन्ही कान एकाच वेळी टोचून देण्यास मी साफ नकार देतो.

श्रावण संपता संपता ढोलपथकातील एक तरुण आला. ‘काका, गणपतीच्या आत भिकबाळी हवी. मिरवणुकीत पागोट्याबरोबर शोभेल.’ मी त्याला ताज्या जखमेवर चढणारा घाम, गुलाल, गर्दीतले धक्के आणि खांद्यावरच्या दोरीचे घासणे, हे सारे एकेक करून समजावले, आणि म्हटले, ‘अरे, यंदा दाबाची घाल, दिवाळी झाली की ये, पुढच्या गणपतीला खरी घालशील.’ त्याचा चेहरा उतरला. पण तो मार्गशीर्षात आला. थंडीचे, कोरडे दिवस मला या कामाला नेहमीच अधिक मानवतात. अर्धशिशी थांबावी म्हणून कानाच्या आतल्या घडीत टोचून द्या असे म्हणत येणाऱ्यांना मात्र मी वैद्याकडे धाडतो, कारण त्या समजुतीला भरवशाचा आधार मिळालेला नाही आणि वेदनेने गांजलेल्या माणसाकडून आशेचे पैसे घेणे मला रुचत नाही. ज्यांच्या घराण्यात जखमेच्या जागी वाढत जाणारे कठीण वण उठतात, त्यांनाही मी परावृत्त करतो.

एक खूण प्रत्येकाला मी तोंडी आणि लेखी अशी दोन्ही सांगून ठेवतो. वरची कड लाल, गरम, तणावलेली झाली, ठणका वाढत गेला, आणि तरीही खालची पाळी मात्र स्वच्छ, मऊ, नेहमीसारखीच राहिली, तर समजावे की बाधा कूर्चेच्या आवरणात शिरली आहे. पाळीत कूर्चा नाही म्हणून ती सुटते. अशा वेळी एक रात्रही दवडू नये. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की पोषण तुटते, कूर्चा मरते, आणि मेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. येथे बहुधा स्यूडोमोनासच असतो, आणि नेहमीच्या साध्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही. तेव्हा माझ्याकडे न येता कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे आणि कूर्चेला टोचले आहे हे त्यांना आधी सांगावे. दागिनाही घरी आपल्या हाताने उपसून काढू नये. तोंडे मिटली तर आतला पू कोंडतो.

पहिली दांडी मी मुद्दाम लांब, आठ मिलिमीटरच्या सुमाराची घालतो, सुजेला वाव राहावा म्हणून. दीड-दोन महिन्यांत सूज ओसरली की तीच लांबी त्रासदायक ठरते. दांडी हलते, केसांत अडकते, वेध तिरपा करते. तेव्हा ती काढून सहा मिलिमीटरची घालावी लागते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याचे मी निराळे पैसे आकारीत नाही, तरी निम्मे लोक कान दुखत नाही म्हणून येतच नाहीत. त्यासाठी दुकानात एक वही ठेवली आहे. मुदत उलटलेल्यांना मुलगा दर शनिवारी निरोप धाडतो.

वर्ष सरल्यावर कोणी आजीची बुगडी घेऊन येते. जुन्या बुगडीची दांडी हाताने घडवलेली, कधी जाड, कधी मळसूत्राची धार उघडी पडलेली. ती तशीच आत रेटली तर वर्षभर जपलेली त्वचा एका क्षणात चिरते. म्हणून मी बुगडी उलटी करून जुनी दांडी डाखापासून सोडवतो, त्या माणसाच्या कानातील वेध आणि कडेची जाडी मोजून त्याच मापाची नवी दांडी ओढतो, आटे कमी ठेवतो, टोक घोटून गोल करतो आणि मग ती मोत्यांच्या मागे पुन्हा डाखतो. मोती उष्णतेला नाजूक, तेव्हा ते आधी उतरवून ठेवावे लागतात. या कामाला दोन दिवस लागतात, आणि तेवढे दिवस गिऱ्हाईकाने टायटॅनियमची दांडी कानातून काढता कामा नये, कारण वर्षभराचा वेधही रिकामा राहिला तर लवकरच आकसू लागतो.