लघुतम, परंतु लहान नव्हे

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात सायंकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना 4 आणि 6 यांचा लसावि विचारला, की बरीच मुले बेधडक 2 असे उत्तर देतात. दोष त्यांचा नाही. ‘लघुतम’ हा शब्द कानी पडताच बालमन लहान संख्येकडे धाव घेते. वस्तुतः दोन्ही संख्यांनी जिला पूर्ण भाग जाईल अशी संख्या येथे शोधायची असते. ती त्यांच्याहून लहान असणारच नाही. हे न उलगडता फळ्यावर भागाकाराची रीत मांडून दिली, की मुले ती घोकतात, गुणही मिळवतात आणि अपूर्णांकांच्या बेरजेत अडखळतात. तेथे अडखळलेले मूल पुढे गणिताच्या तासालाच घाबरू लागते. धर्मग्रामातील किती तरी घरांत आम्ही हे पाहिले आहे.

म्हणून आम्ही आजीच्या औषधांपासून आरंभ करतो. एक औषध दर 4 तासांनी, दुसरे दर 6 तासांनी. सकाळी 6 वाजता दोन्ही दिली. पुन्हा एकाच वेळी केव्हा द्यायची? मुले बोटे मोजतात: 4, 8, 12, 6, 12. संध्याकाळी 6 वाजता! 24 तासांनीही ती एकत्र येतातच, पण पहिली गाठ 12 वर पडते. ‘लघुतम’ म्हणजे हीच पहिली गाठ. मग 1/4 आणि 1/6 यांचे 3/12 आणि 2/12 करून 5/12 हे उत्तर मुले आपणहून काढतात.

काही चतुर मुले सरळ गुणाकार करतात. 12 आणि 18 यांचा गुणाकार 216. लसावि मात्र 36. दोहोंत सामाईक असलेला 6 गुणाकारात दोनदा येतो, म्हणून 216 ला 6 ने भागावे लागते. सामाईक काहीच नसेल तर गुणाकार पुरतो. जुन्या ज्यूलियन कालगणनेत वार व तारखा 28 वर्षांनी जुळत आणि चंद्रकलांचे चक्र 19 वर्षांचे धरीत. म्हणून ईस्टरच्या तारखांचा क्रम 532 वर्षांनी पुन्हा येई. (1582 च्या ग्रेगोरियन सुधारणेने हा हिशेब बदलला.) मुलांना हे भारी आवडते.

आपल्या देशात नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्यांनी लसाविला ‘निरुद्ध’ म्हटले होते.

गृहपाठ तपासणाऱ्या आईवडिलांना आमची एवढीच विनंती: उत्तर 12 आले तरी ‘24 का नाही?’ असे विचारावे. आणि 2 आले, तर रागावण्यापूर्वी 2 ला 4 ने पूर्ण भाग जातो का, हे मुलालाच करून पाहू द्यावे.