स्टिअरिंगची थरथर

आमच्या धर्मग्रामात वाहनास आशीर्वाद देण्याचा प्रसंग वर्षातून दहाबारा वेळा तरी येतो. त्यांत कोऱ्या गाड्या थोड्या. बहुतेक गाड्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातच्या, बेळगावात किंवा गोव्यात घासाघीस करून घेतलेल्या, आणि वयाने कधी कधी त्या चालवणाऱ्या मुलाएवढ्याच. जुन्या विधिग्रंथातील वाहनाच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेत, रथात बसून शास्त्र वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याचा व त्याला गाठणाऱ्या फिलिपाचा उल्लेख आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील हा प्रसंग आम्हास फार प्रिय आहे. त्या रथाची चाके नीट होती की नाही हे संत लूकने लिहून ठेवलेले नाही. आमच्याकडील गाड्यांच्या बाबतीत मात्र ते पाहावे लागते.

या गाड्यांविषयी मिस्सेनंतर देवळाच्या आवारात जी तक्रार आमच्या कानी वारंवार येते, ती स्टिअरिंग थरथरण्याची. तक्रार करणाऱ्यास उत्तर देणारे चौघे तेथेच उभे असतात. एक म्हणतो बॅलन्सिंग कर, दुसरा म्हणतो अलाइनमेंट, तिसरा अख्खा स्टिअरिंग रॅक बदलायला सांगतो, आणि चौथा, ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, तो गाडी विकून टाकण्याचा सल्ला देतो. रोग्याची नाडी न पाहता पुडी बांधून देणारा वैद्य आणि हे चौघे यांत आम्हास फारसे अंतर दिसत नाही. पूर्वीचे वैद्य ताप केव्हा चढतो व केव्हा उतरतो हे विचारून तो हिवतापाचा की विषमज्वराचा याचा अंदाज बांधीत. स्टिअरिंगचेही तसेच आहे. ते थरथरते एवढे कळून भागत नाही. केव्हा थरथरते हे कळावे लागते.

हे आम्ही ज्यांच्याकडून शिकलो ते आमच्याच धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ. परिवहन महामंडळाच्या डेपोत त्यांनी तीस वर्षे फिटरचे काम केले. सारा गाव त्यांस काका म्हणतो व आम्हीही तेच म्हणतो. गाडी दारात आणून उभी केली तरी काका उठत नाहीत. बसल्या जागेवरून ते तीन प्रश्न विचारतात. किती वेगाला थरथरते? ब्रेक दाबल्यावर, की एरवीही? आणि हे सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात गाडीचे काय काय केले होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असे येते की, काही नाही काका, नुसते पंक्चर काढले. मग काका पान्याकडे बोट दाखवतात. घाईत बसवलेल्या चाकाचा एखादा नट सैल राहतो, चाक आपल्या जागी चपखल बसत नाही, आणि ते फिरू लागले की थरथर हातापर्यंत येते. नट समोरासमोरचे आवळावेत, एकाशेजारचा एक नव्हे. आणि पन्नासशंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. या उपायास पैसा लागत नाही, म्हणूनच की काय, तो कोणास सुचत नाही.

एका ठराविक वेगाला, समजा साठ ते ऐंशीच्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते आणि वेग त्याच्या खाली वा वर गेला की शांत होते, असे असेल तर दोष बहुधा चाकाच्या समतोलाचा. रिमच्या कडेला लावलेले वजनाचे छोटे तुकडे पडून जातात, म्हणजे समतोल बिघडतो. आमच्या खानापूर तालुक्यात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे तांबडी माती. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूस पाऊस कसा पडतो हे वाचकांस सांगावयास नको. तो चिखल रिमच्या आतल्या अंगास बसतो, उघडीप पडली की वाळून दगड होतो, आणि बाहेरून चाक धुऊन लख्ख केले तरी आत तसाच राहतो. बारा इंची रिमचे लहान चाक ताशी 60 किलोमीटर वेगाला सेकंदाला जवळजवळ दहा वेळा फिरते. रिमच्या कडेशी अवघी 30 ग्रॅम माती एका बाजूस चिकटलेली असेल, तर त्या वेगाला ती चाकास सुमारे पावणेदोन किलो वजनाइतका ओढा देते, तोही सेकंदाला दहा वेळा आणि दर खेपेस वेगळ्या दिशेने. वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो.

मग वेग आणखी वाढवल्यावर थरथर कमी का होते, असे एका चौकस मुलाने आम्हास विचारले होते. त्याला आम्ही देवळाची घंटा दाखवली. ती घंटा कितीही जड असो, तिची लय साधून दोर ओढला तर दहा वर्षांचा मुलगाही तिला वाजवतो. लय सोडून भराभर ओढला तर थोराच्याही हातून ती नीट झुलत नाही. गाडीच्या पुढल्या भागासही अशी एक आपली लय असते. चाकाचे हिसके त्या लयीशी जुळले की स्टिअरिंग हातात नाचू लागते.

या दोषावर बॅलन्सिंग हा उपाय खरा, पण आधी माती खरवडून काढावी. माती तशीच ठेवून बॅलन्सिंग केले, तर ती पुढे कोठेतरी गळून पडते आणि केलेले काम फुकट जाते. हादरा हातात न जाणवता बैठकीत जाणवत असेल तर मागची चाके आधी पाहावीत. अलाइनमेंटविषयी आमचे मत स्पष्ट आहे. गाडी एका बाजूस ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असतील तर ते अवश्य करावे. निव्वळ थरथरीवर मात्र त्याचा गुण सहसा येत नाही.

ब्रेक दाबला की थरथर, सोडला की नाही, असे असल्यास चाकाच्या मागे लागू नये. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतील तर त्या चकतीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. जुन्या गाड्यांत ड्रम असतील तर ते गोल राहिलेले नसतात. घाट उतरताना ज्यांचा पाय सतत ब्रेकवर असतो त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. चोर्ला घाट खालच्या गिअरात उतरावा, असे काका सांगतात. बसचालकांना ते हेच सांगत असत.

खड्ड्यात चाक आपटले की स्टिअरिंगला झटका बसतो आणि ते बराच वेळ हलत राहते, ही तऱ्हा निराळी. येथे कोठेतरी सांधा ढिला झालेला असतो. सपाट जागी गाडी उभी करून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचे चाक जॅकवर उचलावे. वर आणि खाली हात धरून चाक हलवून पाहावे, मग डावीउजवीकडे धरून. वरखाली खेळते त्या वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. खेळ थांबला तर बेअरिंगचा दोष, न थांबला तर बॉल जॉइंटचा किंवा त्याच्या आसपासचा. केवळ डावीउजवीकडे खेळत असेल तर टाय-रॉडचे टोक पाहावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नये. हे सांध्यांचे दुखणे उद्यावर टाकण्याजोगे नसते. जो सांधा आज खेळतो तो उद्या निखळू शकतो, आणि मग स्टिअरिंग फिरवले तरी चाक वळत नाही.

एवढे सांगून आता ज्या गाडीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा माउलीचा थोरला मुलगा जुनी मारुती ओम्नी व्हॅन चालवतो. या गाडीचे उत्पादन 2019 साली बंद झाले, तथापि आमच्याकडील रस्त्यांवर ती अजून पुष्कळ दिसते. सकाळसंध्याकाळ तो वाड्यांवरची आठ मुले शाळेत नेतो व आणतो. घरात मिळकत तेवढीच. पावसाळ्याच्या अखेरीस त्याचे स्टिअरिंग थरथरू लागले. त्याने दोनदा बॅलन्सिंग करून घेतले. शहरातील एका गॅरेजने रॅक बदलण्याचे अठरा हजार सांगितले. ते ऐकून तो गप्प बसला व तशीच गाडी चालवीत राहिला. गाडी वीस-पंचवीसच्या वेगाला जास्त डुलते आणि वेग वाढवला की तितकेसे कळत नाही, हे त्याच्या ध्यानी आले होते. म्हणून तो वेगाने जाऊ लागला. आरशाला त्याने संत क्रिस्तोफरचे पदक टांगले होते. 1969 साली सार्वत्रिक दिनदर्शिकेतून या संताचा सण काढण्यात आला म्हणून तो संत राहिला नाही, असा समज अजून ऐकू येतो. तो खरा नाही, हुतात्म्यांच्या यादीत त्याचे नाव कायम आहे. पदक टांगावे. पण प्रवाशास खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तो संत, पुढचे पाऊल कोठे पडते हे पाहिल्यावाचून चालला असेल असे आम्हास वाटत नाही.

काकांनी वेगाचा आकडा ऐकला मात्र, आणि ते उठून उभे राहिले. ठराविक मोठ्या वेगाची थरथर निराळी आणि बैलगाडीसारखे हळू जाताना होणारे हे डुलणे निराळे, असे ते म्हणाले. त्यांनी स्टेपनी काढून पुढच्या डाव्या बाजूस लावावयास सांगितली. गाडी मैदानात एक फेरी फिरून आली. स्टिअरिंग स्थिर होते. अठरा हजारांच्या रॅकचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला. काढलेल्या टायरवरून काकांनी तळहात फिरवला आणि आमचा हात धरून त्याच जागेवर ठेवला. आतल्या कडेकडे, बाहेरून मुळीच दिसणार नाही अशा ठिकाणी, लिंबाएवढा उंचवटा होता. नक्षी मात्र चांगली शाबूत होती. टायरच्या बाजूस चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. येथे 1416 होते, म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. टायर जुन्या बाजारातून नक्षी पाहून घेतलेला होता. नक्षीखालचे पोलादी तारांचे पट्टे आत रबरापासून सुटू लागले होते. बॅलन्सिंगचे यंत्र वजन मोजते, टायर गोल आहे की नाही हे ते सांगत नाही. म्हणून दोनदा पैसे देऊनही उपयोग झाला नव्हता.

असा टायर वेगात असताना फुटू शकतो, हे काकांनी त्या मुलास समजावले. उरलेल्या तिन्ही टायरांवर त्यांनी हात फिरवला. पुढचा उजवाही त्याच सालचा होता. स्टेपनी तर इतकी झिजलेली होती की तीवर गाडी मैदानात फिरवण्यापलीकडे काही करता आले नसते. दोन टायर सहा हजारांच्या आत येणार होते. तेवढे त्याच्याजवळ नव्हते. महिनाअखेरीस फी जमली की घेईन, तोवर हळू चालवतो, असे तो म्हणाला. आम्ही म्हणालो, मुले बसवून चालवावयाची नाही. गाडी त्याची होती. तीवर आमची आज्ञा चालत नव्हती. परंतु त्या आठ मुलांपैकी पाच जणांचा बाप्तिस्मा आमच्या हातून झाला आहे. त्यांच्या आईबापांस तू सांगितले नाहीस तर आम्हास सांगावे लागेल, एवढे आम्ही त्यास स्पष्ट बजावले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि संध्याकाळी स्वतःच घरोघर जाऊन सांगून आला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई धर्मगुरुनिवासात आली. "फादर, गाडी उभी केलीत ती तुम्ही. हप्ता काय तुम्ही भरणार? इतके दिवस काही झाले का?" तिच्या या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, काही झाले नव्हते हे खरेच होते. एका मुलाच्या बापानेही आम्हास रस्त्यात गाठून हेच ऐकवले, कारण आता त्याला पहाटे उठून मुलास बसवर सोडावे लागत होते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या आमच्या शाखेपुढे आम्ही हा विषय ठेवला. आजाऱ्यास औषध व विधवेस शिधा देण्यासाठी असलेला पैसा टायरात घालावा काय, यावर तेथे चांगली तासभर चर्चा झाली. अखेर दहा महिन्यांत फेडण्याच्या बोलीवर बिनव्याजी रक्कम देण्याचे ठरले. पाचव्या दिवशी नवे टायर बसले.

जुना टायर काकांनी कोणास नेऊ दिला नाही. तो चांगला दिसतो म्हणून कोणाची तरी स्टेपनी होईल, असे म्हणून त्यांनी धारदार सुरी व करवत घेऊन तो आमच्यासमोर कापला. आतल्या तारा गंजून तांबड्या झाल्या होत्या आणि बोटाने उचलल्या की सुट्या होत होत्या. तो तुकडा त्या मुलाने मागून घेतला.

सोसायटीचे तीन हप्ते आजवर वेळेवर आले आहेत. माउलीने मात्र तीन रविवार आमच्याशी बोलणे टाकले होते. चौथ्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती पोरास बाजूला उभा करून आमच्याजवळ आली आणि गाडीचे मागचे टायर किती सालचे आहेत, तो आकडा कोणत्या बाजूने वाचावयाचा, असे विचारू लागली.