स्थलांतर आणि कालांतर

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत चितेगाव लागते. रस्त्याच्या कडेला कारखाने आणि त्यांच्या मागे शेते, असे हे आमचे गाव. माझ्या वडिलांनी येथील एका कारखान्यात पंचवीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केले. घरातील जेवणाच्या, झोपेच्या, एवढेच काय, आम्ही मुलांनी मोठ्याने बोलावे की नाही याच्याही वेळा त्यांच्या पाळीवरून ठरत. रात्रपाळीच्या आठवड्यात आई दुपारी आम्हांला पाठांतरासाठी शेजारच्या ओसरीवर पिटाळी.

धाकटा भाऊ संगणक अभियंता होऊन २०१५ साली सिंगापूरला गेला. २०२२ मध्ये वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा तो परतला आणि तिकडच्याच कंपनीचे काम घरून करू लागला. पोरगा परत आला, असे गाव म्हणाले. मलाही तसेच वाटले होते.

सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे चालते. तेथे नऊ वाजतात तेव्हा येथे साडेसहा झालेले असतात. त्या वेळी भाऊ माडीवरच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, कामाला बसतो. साडेनऊला जेवतो. सिंगापुरात दिवाळीची सुट्टी एकच दिवस आणि चिनी नववर्षाची दोन दिवस. म्हणून २९ जानेवारी २०२५ला, पौष अमावास्येच्या बुधवारी, तो गावात मोकळा हिंडत होता आणि लोक विचारत होते, आज कसली रे सुट्टी? त्याच वर्षीच्या भाऊबीजेला मी सकाळी ओवाळायला गेले, तर दोन मीटिंगांच्या मधली दहा मिनिटे माझ्या वाट्याला आली.

गंमत अशी की सिंगापूरची वेळही तेथील सूर्याची नाही. रेखांश पाहिला तर ती ग्रीनिचच्या सात तास पुढे असायला हवी; पण १ जानेवारी १९८२ रोजी मलेशियाच्या पाठोपाठ त्या देशाने आपले घड्याळ अर्धा तास पुढे केले आणि तेव्हापासून हे अंतर आठ तासांचे आहे. तेथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. शेजाऱ्याच्या सोयीने लावलेल्या त्या घड्याळावर आता चितेगावातली एक खोली चालते.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी वडील न्हाणीघरात पाय घसरून पडले. आईने हाका मारल्या. माडीवर ऐकू गेल्या नाहीत. शेजारचे काका धावत आले, त्यांनी उचलले. भाऊ अर्ध्या तासाने खाली उतरला. बराच वेळ वडिलांचे पाय चोळत राहिला आणि मग मला म्हणाला, “ताई, तिकडं असतो तर लांब होतो असं तरी म्हणता आलं असतं.”

एम.ए.च्या वर्गात स्थलांतराचे साहित्य शिकवताना मी गाव सुटणे, पत्रे, मनीऑर्डर, परतीची ओढ असे मुद्दे फळ्यावर लिहीत आले. त्या साऱ्या दुःखाला मैलांचा आधार होता. भावाच्या वाक्याने तो आधार काढून घेतला. त्याचे स्थलांतर केव्हाच संपले आहे. आता जे चालू आहे त्याला शब्द शोधताना मला ‘कालांतर’ आठवला. ‘कालांतराने’ हा शब्द आपण ‘काही काळ गेल्यावर’ या अर्थी सहज वापरतो. त्यातल्या ‘अंतर’कडे मात्र माझे आजवर लक्ष गेले नव्हते. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांत अडीच तासांचे अंतर असू शकते.

वडिलांची पाळीही आमच्यावर लादलेलीच होती. पण कारखान्याचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू जाई. शेजारणीला ठाऊक असे की या घरात कोणीतरी झोपले आहे. ती मुलांना दटावी. भावाचा भोंगा फक्त त्याच्या कानांत वाजतो. घराने, शेजाराने त्याला सांभाळून घ्यावे तरी कसे?

वडिलांनी त्यावर आपल्यापुरता उपाय काढला आहे. दुपारी साडेतीनच्या आधी ते काठी टेकत अंगणात येऊन बसतात. त्यांची पहिली पाळीही साडेतीनलाच सुटत असे. जिन्यावर पावले वाजली की जड जिभेने ते विचारतात, “सुटली का रे पाळी?”